नाळेतली शीर आणि आपला पुरावा



टोंकखुर्दच्या काय किंवा मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्याच्या दुसऱ्या कुठल्या आरोग्य केंद्रात काय, बाळंतपण आटोपले की वार आणि नाळ पिवळ्या पिशवीत जातात. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६चे नियम तसेच सांगतात आणि ते बरोबरही आहे. या नाळेत तीन वाहिन्या असतात, दोन धमन्या आणि एक शीर. शिरेच्या आतल्या अंगाला पेशींचा एकेरी थर असतो. त्याला आपण अंतःस्तर म्हणू. माणसाच्या रक्तवाहिनीची भिंत कशी वागते याचे पेशींच्या पातळीवरचे आजचे ज्ञान बऱ्याच अंशी या टाकून दिल्या जाणाऱ्या शिरेतून आलेले आहे. माझे आजचे म्हणणे असे की, भारतात रक्तवाहिन्यांवर काम करणाऱ्यांनी या पेशी आपल्याच सूतिकागृहांतून, त्यातही देवास-धारसारख्या जिल्ह्यांतून, आईची संमती घेऊन आणि तिच्या प्रकृतीची नोंद ठेवून मिळवल्या पाहिजेत. स्वदेशीच्या अभिमानाशी याचा संबंध नाही. पुराव्याचा कस यावर ठरतो, म्हणून हा आग्रह आहे. एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. नाळेतले रक्त गोठवून ठेवण्यासाठी आईबापांकडून मोठ्या रकमा घेणाऱ्या खासगी पेढ्यांबद्दल मी बोलत नाही. त्यांच्या जाहिराती रक्ताच्या असतात. मी बोलतो आहे ते रक्त धुऊन काढल्यानंतर जे उरते त्याबद्दल.

रक्त आणि स्नायू यांच्या मधले एक निष्क्रिय अस्तर, अशीच या थराची ओळख फार काळ होती. त्याच्या पेशी शरीराबाहेर जगवण्याचे प्रयत्न पूर्वीही झाले होते, पण खात्रीची रीत बसली ती १९७३ साली. न्यूयॉर्कच्या कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात एरिक जॅफी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बसवली आणि पुढच्याच वर्षी बॉस्टनमध्ये मायकेल गिम्ब्रोन, रमझी कोट्रान आणि ज्यूडा फोकमन यांनी तशाच पेशी वाढवून दाखवल्या. ही रीत आजही जवळजवळ तशीच चालते. वीतभर नाळ घ्यायची, चिमट्याच्या खुणा उमटलेला भाग कापून टाकायचा आणि शिरेच्या तोंडात बोथट नळी बसवून कोमट क्षारद्रावणाने रक्त पार निघून जाईपर्यंत आतून धुवायचे. मग दुसरे टोक बंद करून शिरेत कोलॅजिनेज नावाचे विकर भरायचे आणि नाळ ३७ अंशांवर दहा-पंधरा मिनिटे ठेवायची. पेशींना भिंतीशी धरून ठेवणारे धागे विकर सोडवते. वेळ थोडी कमी पडली तर पेशी सुटत नाहीत, जास्त झाली तर खालच्या स्नायुपेशीही सुटून येतात आणि पुढे संवर्धनाच्या बशीभर त्याच माजतात. सुटलेल्या पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून खाली बसवायच्या आणि जिलेटिन लावलेल्या बशीत, वीस टक्के सीरम घातलेल्या पोषकद्रवात सोडायच्या. त्या आधी पुंजक्यांनी चिकटतात, मग पसरतात आणि आठवड्याभरात सूक्ष्मदर्शकाखाली बहुकोनी पेशींची सलग फरसबंदी दिसू लागते. वाढ तिथेच थांबते. गिम्ब्रोन यांनी त्या थराचा छोटा तुकडा खरवडून पाहिला. कडेच्या पेशी पुन्हा विभागू लागल्या, मोकळी जागा भरून निघाली.

जॅफी नुसत्या पेशी वाढवून थांबले नाहीत. या पेशी खरोखर अंतःस्तराच्याच आहेत कशावरून, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला. त्यांच्या १९७३च्या शोधलेखाचे मोठेपण मला तिथे दिसते. एवाल्ड वायबेल आणि जॉर्ज पालाडे यांनी १९६४ साली अंतःस्तराच्या पेशींत काडीच्या आकाराचे सूक्ष्म कण पाहिले होते. ते कण बशीतल्या पेशींत आहेत हे जॅफी यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवले. शिवाय ज्या बाळाची नाळ, त्याच्याच रक्तगटाच्या खुणा या पेशींच्या पृष्ठभागावर आहेत हेही तपासले. म्हणजे पेशी कोणत्या जातीची आणि ती कोणाची, ही दोन्ही उत्तरे पहिल्याच लेखात आली. पुढच्या पन्नास वर्षांत यातले दुसरे उत्तर देण्याची सवय जगभर मोडत गेली आणि माझा सगळा युक्तिवाद त्या मोडलेल्या सवयीभोवती आहे.

या पेशींनी काय दिले ते थोडक्यात सांगतो. रक्त गोठताना लागणारा व्हॉन विलिब्रँड घटक त्या बनवतात हे १९७३ सालीच कळले. बिंबाणूंना चिकटू न देणारे प्रोस्टासायक्लिन त्या बनवतात हे १९७७मध्ये कळले. १९८०मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर दाखवले की अंतःस्तर घासून गेला तर एरवी सैल पडणारी धमनी सैल पडत नाही. तो थर स्नायूला कसला तरी निरोप पाठवतो. हा निरोप नायट्रिक ऑक्साइडचा आहे हे १९८७ साली साल्वादोर मोन्काडा यांच्या गटाने सिद्ध केले, ते डुकराच्या महाधमनीतून काढून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर. धमनीच्या पट्टीने प्रश्न उभा केला आणि बशीतल्या पेशींनी तो सोडवला.

आता धारकडे वळू. धार जिल्ह्यात निम्म्याहून अधिक लोकसंख्या आदिवासी आहे. धार, झाबुआ, अलीराजपूर, बडवानी या पट्ट्यात सिकलसेलचा आजार पिढ्यान्‌पिढ्या मुक्काम ठोकून आहे. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली तीही मध्य प्रदेशातच, शहडोलला. २०४७ हे तिचे उद्दिष्टाचे वर्ष आणि सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे पहिले काम. शाळेच्या पुस्तकात या आजाराचे कारण एका ओळीत सांगितलेले असते: हिमोग्लोबिनमधल्या एका दोषाने तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते आणि बारीक वाहिनीत अडकते. यात खोटे काही नाही, पण ते अपुरे आहे. कारण एकाच प्रमाणात वाकड्या पेशी असलेल्या दोन रुग्णांपैकी एक वर्षातून अनेकदा वेदनांनी तळमळतो, तर दुसरा शेतात काम करतो. या फरकाचा एक धागा १९८०च्या सुमारास रॉबर्ट हेबेल यांच्या गटाला सापडला, आणि तो बशीत. प्रयोगशाळेत वाढवलेल्या अंतःस्तराच्या थरावर त्यांनी रुग्णांच्या तांबड्या पेशी सोडल्या. निरोगी माणसाच्या पेशी धुतल्यावर निघून गेल्या, रुग्णांच्या बऱ्याच चिकटून राहिल्या. पेशी जितक्या जास्त चिकट, तितका त्या रुग्णाचा आजार तीव्र, असेही दिसले. रक्ताचा म्हणून ओळखला जाणारा आजार रक्तवाहिनीच्या भिंतीचाही ठरला. पुढे चिकटवणाऱ्या रेणूंपैकी एक ओळखला गेला, पी-सिलेक्टिन. आणि तो अंतःस्तराच्या पेशीत साठवलेला असतो कुठे, तर वायबेल-पालाडे यांच्या त्याच काडीसारख्या कणांत.

इथवर ऐकणारा म्हणेल, पेशी उपयोगी आहेत हे मान्य, पण त्या आपल्याच कशाला हव्यात? कुपीत मिळतात, मागवाव्यात. या प्रश्नाला इतिहासाने एक उत्तर देऊन ठेवले आहे. नाळेतून काढलेल्या पेशी पाच-सहा वेळा एका बशीतून दुसरीत हलवल्या की थकतात, गुण सोडू लागतात. दर वेळी नव्या नाळेची वाट पाहणे कटकटीचे. १९९० साली जपानी संशोधकांनी जाहीर केले की एका नवजात बाळाच्या नाळेतली पेशी आपणहून अमर झाली आहे, कितीही वाढवा, मरत नाही. तिचे नाव ईसीव्ही-३०४. प्रयोगशाळांना हायसे वाटले. ही पेशी जगभर गेली आणि तिच्यावर शेकड्यांनी लेख लिहिले गेले. १९९९ साली जर्मनीच्या पेशीसंग्रहातल्या शास्त्रज्ञांनी तिचे डीएनए ठसे घेतले. ते टी-२४ नावाच्या पेशींशी तंतोतंत जुळले. टी-२४ म्हणजे स्वीडनमधल्या एका वृद्ध स्त्रीच्या मूत्राशयाच्या कर्करोगातून काढलेल्या पेशी. रक्तवाहिनीचा अभ्यास म्हणून जगभर इतकी वर्षे मूत्राशयाच्या कर्करोगाचा अभ्यास चालला होता. याहून वाईट म्हणजे हे जाहीर झाल्यावरही त्या पेशी अंतःस्तराच्या म्हणून वापरणारे लेख वर्षानुवर्षे निघत राहिले. फसवणूक कोणी केली नव्हती. कुठेतरी एखादा थेंब उडाला असेल, एखादी पिपेट दोनदा वापरली गेली असेल, आणि जोमाने वाढणाऱ्या कर्कपेशींनी नाजूक पेशींना गिळून टाकले. पण ही पेशी कोणाची, हा जॅफींचा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला असता तर नऊ वर्षे वाया गेली नसती.

मराठी माणसाला या प्रश्नाशी जवळचे नाते सांगता येते. पुण्यात जन्मलेल्या, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी वसंत रामजी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट केली, नंतर बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत पेशीसंवर्धनाचे काम केले आणि मुंबईला परतून भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. गे यांची प्रयोगशाळा म्हणजे १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गाठीतून हेला पेशी जिथे वाढल्या ती. त्या पेशी इतक्या जोमदार निघाल्या की पुढे जगभरच्या कितीतरी बशांत त्यांनीच घुसखोरी केली. १९८०च्या दशकात पुण्यात प्राणिपेशींसाठी राष्ट्रीय सुविधा उभी राहिली, तेच आजचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र. विद्यापीठाच्या आवारातल्या या केंद्राच्या संग्रहातून देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी जातात. म्हणजे पेशी जपण्याची, ओळखून वाटण्याची घडी आपल्याकडे बसलेली आहे. तिथे नाही ते इतकेच: आपल्या गावागावांतल्या बाळंतपणांतून आलेल्या, आईच्या नोंदीसह ठेवलेल्या अंतःस्तर पेशींचा मोठा साठा.

या नोंदीने खरोखर काही फरक पडतो का? पडतो, असे मानायला आधार पुण्याचाच आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या केईएम रुग्णालयातल्या गटाने १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. या गावांतल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण आपली बाळे सर्वांगाने सारखी लहान नव्हती. स्नायू कमी, पोट बारीक, आणि मेद मात्र जवळजवळ तेवढाच टिकलेला. पुण्याच्या बाळांचे नाळेतले रक्त लंडनच्या बाळांशी ताडून पाहिल्यावर आपल्या किडकिडीत बाळांत इन्शुलिन जास्त निघाले. पुढे याच अभ्यासात आईच्या ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा संबंध मुलांच्या सहाव्या वर्षीच्या चयापचयाशी जोडता आला. आता विचार करा. नाळेतली शीर नऊ महिने याच रक्तात भिजलेली असते. तिच्या अस्तरावर त्याची खूण उरत नसेल का? लंडनच्या एका गटाने १९९५ साली गरोदरपणी मधुमेह झालेल्या स्त्रियांच्या नाळेतल्या पेशी साध्या पोषकद्रवात वाढवून पाहिल्या. आईशी संबंध सुटला तरी पेशींची वागणूक बदललेलीच राहिली, नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती चढीच राहिली. आईची प्रकृती पेशी बशीत घेऊन येते. मग बॉस्टनच्या किंवा बर्लिनच्या अनोळखी आईकडून आलेली कुपी फोडून माळव्यातल्या पन्नाशीतल्या हृदयविकाराचा अर्थ लावायचा, तर निदान किती अंतरावरून आपण पाहतो आहोत एवढे तरी लिहून ठेवावे लागेल.

आता आक्षेपांकडे येतो. सर्वांत वजनदार आक्षेप असा की, नाळेतली शीर ही कुठल्याच मोठ्या आजाराची जागा नव्हे. तिच्यात कमी दाबाने, पण ऑक्सिजनयुक्त रक्त वाहते; म्हणजे ती धड धमनीही नाही आणि नेहमीची शीरही नाही. पेशी नवजात बाळाच्या, हृदयविकार मात्र प्रौढाचा. बशीत प्रवाह नाही, आणि १९८१मध्येच दिसून आले की वाहत्या द्रवाखाली ठेवलेल्या पेशी बहुकोनी आकार सोडून लांबट होतात व प्रवाहाच्या दिशेने वळतात. मेंदूच्या, यकृताच्या, मूत्रपिंडाच्या वाहिन्यांचे अस्तरही एकमेकांसारखे नसते. हे सगळे खरे आहे. यातून निघणारा धडा एवढाच की नाळेच्या पेशीला ती उत्तर देऊ शकेल असाच प्रश्न विचारावा. तांबडी पेशी अस्तराला चिकटते का, हा तसा प्रश्न आहे. पन्नास वर्षांच्या धूम्रपानाने हृदयधमनीचे काय होते, हा नाही. त्यासाठी बायपासच्या वेळी पायातून काढलेल्या शिरेचा उरलेला तुकडा अधिक उपयोगी, आणि तोही आज फेकलाच जातो. प्रवाहाची उणीव वाहते पोषकद्रव वापरून बरीच भरून काढता येते. पण एक गोष्ट लक्षात घ्या: या आक्षेपातला प्रत्येक मुद्दा परदेशी कुपीलाही तेवढाच लागू आहे.

दुसरा आक्षेप बशीच्या एकूण लायकीवरच आहे. पी-सिलेक्टिनचेच पाहा, असे टीकाकार म्हणतील. त्याला अडवणारे क्रिझानलिझुमॅब हे औषध आले. पहिल्या मोठ्या चाचणीत वेदनांच्या झटक्यांचे वार्षिक प्रमाण नकली औषधावर २.९८, तर या औषधावर १.६३ निघाले, २०१९ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. नंतरच्या मोठ्या चाचणीत मात्र नकली औषधापेक्षा ते सरस ठरले नाही आणि २०२३मध्ये युरोपने मान्यता काढून घेतली. बशीतून निघालेला एक सुंदर धागा माणसापाशी येऊन तुटला, हे नाकारण्यात अर्थ नाही. ताकाला जाऊन भांडे लपवू नये. पण तो तुटला कुठे, हे तरी पाहायला नको का? चिकटवणारे रेणू अनेक आहेत. कोणत्या रुग्णात कोणता वरचढ, हे माणसागणिक आणि बहुधा लोकसमूहागणिक वेगळे असू शकते. भारतातल्या सिकल जनुकाची पार्श्वभूमी आफ्रिकेतल्यापेक्षा वेगळी आहे, आपल्या रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त टिकते, म्हणून इथला आजार सौम्य असणार असे फार दिवस धरून चालले गेले. मध्य भारतातल्या डॉक्टरांनी तीव्र आजाराची मुले समोर ठेवली तेव्हा ते गृहीतक डळमळले. भिंतीच्या बाजूची अशी तुलना तर अजून नीट झालेलीच नाही. धारच्या रुग्णाची तांबडी पेशी धारच्याच बाळाच्या अस्तरावर सोडून पाहणे, ही त्या तुलनेची पहिली पायरी.

तिसरा आक्षेप प्रयोगशाळेतून येतो: नाळ बदलली की आकडे बदलतात, निष्कर्ष विस्कटतात, अमर पेशी निदान रोज सारखी वागते. ईसीव्ही-३०४ही रोज सारखीच वागत होती. नाळेनाळेतला फरक हा मोजमापातला दोष समजून पुसून टाकण्याची घाई केली जाते, पाच-सहा नाळांच्या पेशी एकत्र करून सरासरी काढली जाते. काही कामांना ते चालते. पण शेजारशेजारच्या दोन आयांच्या नाळा वेगळ्या का वागल्या, हेच तर आपल्याला जाणून घ्यायचे आहे. एकीचे हिमोग्लोबिन सात होते का, दुसरीला मधुमेह होता का, एकीच्या घरी धुराची चूल होती का? नोंद असेल तर तो विस्कळीतपणा उत्तरात बदलतो. नसेल तर नुसता गोंधळ, हे मात्र कबूल.

खर्चाचा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. सिकलसेलच्या मुलाला आज हायड्रॉक्सियुरियाची गोळी, लसी आणि तपासणी हवी आहे. पेशींची बशी नको. या क्रमाशी मी पूर्ण सहमत आहे आणि त्या गोळीच्या पैशातून एक रुपयाही इकडे वळवू नये. पण रक्तवाहिन्यांवरचे संशोधन देशात चालूच आहे, त्यावर पैसा खर्च होतोच, परदेशी कुप्याही येतात. प्रश्न त्या खर्चाच्या दिशेचा आहे. टोंकखुर्दला प्रयोगशाळा उभारा असेही कोणी म्हणत नाही. प्रतिजैविक घातलेल्या थंड द्रावणात नाळ एक दिवस सहज टिकते आणि इंदूर इथून काही तासांच्या आत आहे. लागते ती थंड पेटी, वेळेवर निघणारी गाडी, कावीळ व एचआयव्हीच्या चाचण्या आणि एक नीट भरलेला फॉर्म. पोषकद्रवातल्या सीरमची अडचण वेगळी. ते न जन्मलेल्या वासराच्या रक्तातून काढतात, आणि या सभेतल्या अनेकांना ते रुचणार नाही. त्यांचा आक्षेप शास्त्रीय दृष्टीनेही चुकीचा नाही, कारण दर खेपेच्या सीरमची घडण वेगळी असते. मानवी बिंबाणूंचा अर्क आणि सीरमविरहित द्रव हे पर्याय आहेत, आणि नवा संग्रह उभारायचाच तर तो त्यांवरच उभारावा.

राहता राहिली संमती. हेन्रिएटा लॅक्स यांना कोणी विचारले नव्हते आणि त्यांच्या वारसांची एका मोठ्या कंपनीशी तडजोड व्हायला २०२३ साल उजाडले. ‘तसेही फेकूनच देणार होतो’ हा युक्तिवाद नाळेच्या बाबतीत फार सोपा आहे, म्हणूनच तो धोकादायक आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे टाकाऊ ऊतींच्या संशोधनालाही नीतिसमितीच्या कक्षेत आणतात, पण प्रसूतीच्या खोलीत कळा देणाऱ्या बाईपुढे धरलेला कागद नियमात बसला तरी त्याला संमती म्हणता येणार नाही. विचारायचे ते सातव्या-आठव्या महिन्यात, तिच्या बोलीत, माळवीत किंवा भिलीत, आणि ती नाही म्हणाली तर तिच्या औषधपाण्यात तसूभर फरक पडणार नाही असे सांगून. पेशी कोणाला दिल्या जातील, कंपनीला दिल्या तर काय अटींवर, तिच्या रक्तात सिकलचा दोष सापडला तर तो तिला कोण सांगेल आणि सासरी कळू न देता कसा सांगेल, हे सगळे त्याच बैठकीत ठरायला हवे. त्यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायका तपासणीसाठी केंद्रावर येतातच. आशाताई त्यांना नावानिशी ओळखते. पहिली विचारणा तिने करावी आणि फॉर्म डॉक्टरने भरावा.